हार्डनरच्या कॅनवरचा तो ६० अंशांचा आकडा
फायबरच्या कामात रेझिन (पातळ राळ) घट्ट करायला त्यात हार्डनर, म्हणजे पेरॉक्साइड, घालतात. 'बेळगावची हवा थंड, इथं हार्डनरची कसली भीती' हे या चर्चेतलं वरचं म्हणणं मला अर्धंच पटलं. पावसाळ्यात ठीक आहे, पण एप्रिलच्या दुपारी उद्यमबाग या इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये उभं राहून बघा. शिवाय या चर्चेत सगळे कॅनवरचे ६० अंश ६० अंश (सेल्सिअस) करताहेत, तो आकडा नुसत्या पेरॉक्साइडचा नसतो, त्या पॅकिंगचा असतो. तितक्या तापमानात ठेवलेला माल सात दिवसांच्या आत आपोआप तापत जाऊन विघटित होऊ शकतो, एवढाच त्याचा अर्थ. उष्णता सगळ्या मालात तयार होते, बाहेर पडते मात्र फक्त पृष्ठभागातून. त्यामुळे कॅन मोठा, तसा हा आकडा खाली. लहान कॅनचा आकडा पिंपाला लावू नका. (सुट्टं ओतून आणलं की लेबलच नसतं, ते आणखी वेगळंच.)

मला उन्हापेक्षा कोबाल्टची (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात त्या द्रावणाची) धास्ती जास्त. फायबरच्या टाक्या बनवणाऱ्या एका शेडमध्ये पोरं कोबाल्ट आणि हार्डनर एकाच मापानं मोजत होती. हे दोन थेट एकत्र आले तर ऐन जानेवारीतही भडका उडू शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यायचं, हार्डनर त्यानंतर. मापंही दोन वेगळी.