जे. जे. जॉन्सननं ट्रॉम्बोनची मींड घालवली का?

खर्ज: नळी सरकवली की सूर घसरतो, म्हणून ट्रॉम्बोनला मींड जन्मजात आहे. जॅझमध्ये किड ओरी या जुन्या ट्रॉम्बोनवादकापासून लोकांनी तीच वाजवली. ड्यूक एलिंग्टनच्या ताफ्यातला ट्रॉम्बोनवादक ट्रिकी सॅम नॅंटन ट्रम्पेटचा म्यूट (आवाज दाबणारं बूच) कर्ण्यात खुपसायचा, त्यावर मोरी साफ करायची रबरी वाटी उघडझाप करायचा, आणि वाद्य चक्क बोलायचं. मग ट्रॉम्बोनवादक जे. जे. जॉन्सन (१९२४–२००१) आला आणि बीबॉपच्या, म्हणजे अतिजलद जॅझच्या, ताना नळीवर बसवल्या. प्रत्येक सूर सुटा, कंप नावाला. हा व्हॉल्वचा, म्हणजे नळी न सरकवता कळा दाबून वाजवायचा, ट्रॉम्बोन आहे असं ऐकणाऱ्यांना वाटायचं. लोक याला दाद म्हणतात. माझ्या मते सारंगीची पेटी करून टाकली त्यानं. नंतरच्या बहुतेकांनी तोच कित्ता गिरवला, ते नुकसान मोठं.

पितळ: हात काय करतो ते आधी पाहू. नळीच्या सात जागा, पहिली सगळ्यात आत, सातवी सगळ्यात बाहेर. पहिलीपासून दुसरी सुमारे ८ सेंमी, सहावीपासून सातवी सुमारे ११. बी-फ्लॅट या पाश्चात्त्य सुराला सा धरा. मधल्या सप्तकातल्या सा रे ग म प साठी शिकाऊ हात १-३-१-३-१ असा धावतो: सुमारे ६८ सेंमी प्रवास, तीनदा दिशा बदल. ग चौथ्या जागेवर घेतला की १-३-४-३-१: ५२ सेंमी, दिशा एकदाच बदलते. शिवाय पहिल्या जागेवरचा ग म्हणजे तंबोऱ्यातला स्वयंभू गंधार. पियानोच्या गंधारापेक्षा तो किंचित उतरलेला असतो, आणि तिथून नळी आत घ्यायला जागाच नसते. चौथ्या जागेवर तोच सूर तिथल्या मूळ स्वराचा पंचम होऊन येतो, म्हणून पियानोशी जुळतो.

आता मींडेबद्दल. सा-रे-ग चढताना नळी बाहेर जाते आणि सूर वर जातो. नळी एका जागी ठेवून नुसत्या ओठांनी स्वयंभू स्वरांची शिडी निघते; इथे दर सुराला ओठ तिच्या वरच्या पायरीवर उडी घेतात, त्यामुळे सूर आपोआप सुटा पडतो. ग-म-प मात्र एकाच पायरीवर आहेत, तिथे जीभ लावली नाही तर चिखल होतो. जीभ लवकर पडली तर नळी अजून वाटेतच असते. उशिरा पडली तर आधीचा सूर ओघळतो. जलद लयीत मींड ठेवायची की काढायची हा प्रश्नच उरत नाही, जॉन्सननं तो चिखल काढला.

खर्ज: हिशेब मान्य. पण ती लय वाद्यानं मागितली नव्हती, सॅक्सोफोननं मागितली होती. जर्मन ट्रॉम्बोनवादक अल्बर्ट मँगल्सडॉर्फनं फ्रँकफर्टात बसून दुसरी वाट काढलीच ना? सा वाजवायचा, वरच्या सप्तकातला ग गळ्यानं गायचा, आणि दोहोंच्या फरकातून मधला प आपोआप उमटतो. गळा पेटीच्या गंधारावर गेला तर पंचम हलतो, स्वयंभूवरच लागावा लागतो. त्याची १९७२ची ‘ट्रॉम्बर्ड्स’ ही ध्वनिमुद्रिका ऐका.

मंद्र: दोघेही वेगाभोवतीच फिरताय. जॉन्सनची कारकीर्द पाहा. १९४९-५०ला ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या नऊ जणांच्या ताफ्यात होता, आणि तरी १९५२ ते ५४ स्पेरी या यंत्रकंपनीच्या कारखान्यात ब्लूप्रिंट तपासत होता. मग काई विंडिंग या वादकाबरोबर दोन ट्रॉम्बोनांची जोडी, १९५६ला ‘पोएम फॉर ब्रास’ ही रचना, १९६१ला ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीसाठी ‘पर्सेप्शन्स’. जलद हाताचा कारागीर एवढंच असता तर हे लिहिलं नसतं. ‘लॅमेंट’ची चाल त्याचीच, आणि त्या संथ चालीत आवाज किती गोल राहतो ते ऐका. १९७०ला तो कॅलिफोर्नियाला सिनेमा-टीव्हीचं संगीत लिहायला गेला, १९८७ला मंचावर परतला. मधली सतरा वर्षं वाया गेली असं म्हणणाऱ्यांनी आधी त्याच्यातला संगीतकार ऐकावा.

खर्ज: संगीतकार मोठा, वाद नाही. पण ती सतरा वर्षं वादक म्हणून आपण हरलोच. त्या वयातला, पिकलेला जॉन्सन ताफ्यापुढे उभा राहून रोज वाजवतोय, हे कुणाच्या पदरात पडलं?

पितळ: ते दुःख माझंही. पण खर्ज, मँगल्सडॉर्फचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. गळा आणि ओठ मिळून सूर उभे करताना नळी बहुतेक वेळ एका जागी धरावी लागते. मींड तिथेही नाही.

खर्ज: हे बरोबर पकडलंत. मग ट्रॉम्बोनवादक रॉझवेल रड घ्या. डिक्सीलँड, म्हणजे जुन्या वळणाचं जॅझ, वाजवून आलेला माणूस, १९६४ला न्यूयॉर्क आर्ट क्वार्टेटमध्ये अगदी मुक्त जॅझ वाजवतो, आणि ओरीची घसरण, नॅंटनची गुरगुर सगळं सोबत आणतो. जॉन्सननंतरही हे शक्य होतं, एवढंच माझं म्हणणं.