मुकुट घातला की गाणं संपतं का?

रामबागकर

आमच्या ओळखीतली एक मुलगी लहानपणापासून ख्याल शिकतेय. आवाज सुरेल, तयारीही बरी. यंदा तिने इंदूरातल्या एका सौंदर्यस्पर्धेत नाव दिलं आणि तिच्या गुरुजींनी तिला सुनावलं, "रॅम्प तरी धर नाहीतर तानपुरा तरी." घरात तेव्हापासून कुणी कुणाशी धड बोलत नाही. मला गुरुजींचं हे वागणं साफ चूक वाटतं.

अमेरिकन गायिका व्हनेसा विल्यम्सचं बघा. आई-वडील दोघंही संगीतशिक्षक. स्वतः सिरॅक्यूज विद्यापीठात संगीत नाटक शिकत होती. सप्टेंबर १९८३ मध्ये अटलांटिक सिटीत ती मिस अमेरिका झाली, हा मुकुट मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय मुलगी. तिथेही ती गायलीच होती, कारण त्या स्पर्धेत कला सादर करण्याची फेरीच असते. पुढे तिची जुनी नग्न छायाचित्रं एका मासिकाने तिच्या संमतीशिवाय छापायला घेतली, आयोजकांनी राजीनामा मागितला आणि जुलै १९८४ मध्ये तिने मुकुट सोडला. १९८८ मध्ये पहिला अल्बम आला. १९९२ मध्ये 'सेव्ह द बेस्ट फॉर लास्ट' अमेरिकेत पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. मुकुट आला आणि गेला, गाणं राहिलं. मग या मुलीला कशाला अडवायचं?

स्नेहलतागंज

दादा, तुमचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातंय. राजीनामा १९८४ चा, अल्बम १९८८ चा. मधली चार वर्षं तिचं नाव निघालं की लोकांना आठवायची ती छायाचित्रं. विशी-पंचविशीतली चार वर्षं गायिकेसाठी थोडी नसतात. स्पर्धेत गेलीच नसती तर त्या मासिकाला त्या फोटोंत काही रस नसता. मुकुटाने तिला आधी उजेडात उभं केलं आणि मग त्याच उजेडात तिची बेअब्रू केली. आपल्या ओळखीच्या मुलीला त्या उजेडात ढकलायची घाई कशाला?

लोकमान्यनगर

स्नेहलताताई, बेअब्रू मुकुटाने केली नाही, मासिकाने केली. आणि मुकुट देणाऱ्यांनी ऐन वेळी हात काढून घेतला. कृष्णवर्णीय मुलगी जिंकली म्हणून तिला ठार मारण्याच्या धमक्या येत होत्या, तेही विसरू नका. आयोजकांनी जाहीर माफी मागितली २०१५ मध्ये, त्याच व्यासपीठावर, एकतीस वर्षांनी. दोष कुणाचा होता हे शेवटी त्यांनीच कबूल केलं. आपण अजून मुलीच्या पदरात तो का घालतोय?

बाकी रामबागकरांच्या मुद्द्यात एक भर. व्हनेसाच्या जागी सुझेट चार्ल्स आली, तीही कृष्णवर्णीय आणि तीही गायिकाच. म्हणजे मुकुट तोच, वर्ष तेच. बदनामी तर सुझेटच्या वाट्याला आलीच नाही. तरी गायिका म्हणून ती व्हनेसाइतकी वर गेली नाही. मुकुटामुळे गळा चालतो असंही नाही आणि बंद पडतो असंही नाही.

राजेंद्रनगर

आपल्याकडची प्रियांका चोप्रा घ्या ना. २००० मध्ये मिस वर्ल्ड, पहिलं इंग्रजी गाणं २०१२ मध्ये. मधली सगळी वर्षं सिनेमात गेली. 'व्हेंटिलेटर' सिनेमासाठी मराठीतही गायली आणि मला ते मनापासून आवडलं. पण तिला गायिका म्हणून कोणी ओळखत नाही. गळा वाईट नाही हो, रोज त्या गळ्याला द्यायला वेळच उरला नाही. मुकुटानंतर जे दरवाजे उघडतात ते बहुतेक कॅमेऱ्याकडे जाणारे असतात. गुरुजींना हीच भीती असेल तर ती मला खोटी वाटत नाही.

तिलकनगर

मी गुरुजींच्या बाजूने. हे ख्यालगायक आमीर खाँसाहेबांचं गाव. अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ लयीच्या झूमरा तालात एकेक सूर सावकाश उलगडत नेणारी गायकी इथे जन्मली. त्या लयीत सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, गाठायची तर दमसास, म्हणजे श्वास टिकवायची ताकद लागते, आणि दमसास उपाशीपोटी येत नाही. स्पर्धेच्या महिन्यांत या मुलींचं जेवण मोजून, झोप अर्धवट, दिवसभर उंच टाचांवर उभं राहणं. पहाटे खालच्या सुरांचा, खर्जाचा रियाज कोण करणार? व्हनेसाची गाणी गोड आहेत, मीही ऐकतो. पण चार मिनिटांचं गाणं आणि तासाभराचा ख्याल यांना एकाच मापाने मोजू नका. ख्यालात सहा महिने सुटले की गळा ते दाखवतो.

रामबागकर

तिलकनगरकर, दमसासाचं पटलं. तुम्ही आहार-झोपेचं बोललात ते गुरुजींनी त्या मुलीला सांगितलं असतं तर हा धागा मी काढलाच नसता. पण एक सांगा. आपल्या इंदूरात दर वर्षी किती मुलं अकरावीला तानपुरा गवसणीत घालून जेईईच्या क्लासला जातात? दोन वर्षं रियाज बंद. परत आली की हेच गुरुजी "ये बेटा" म्हणून समोर बसवतात. मुलगा गणितासाठी गाणं सोडतो तेव्हा ती त्याच्या भवितव्याची काळजी, आणि मुलगी काही महिने रॅम्पवर गेली की गाण्याशी बेइमानी? हा दमसासाचा प्रश्न नाहीच. मुलीने चारचौघांत आपलं रूप मिरवलेलं खपत नाही, एवढंच त्यात आहे, आणि याचा मला खरंच राग येतो.

तिलकनगर

मुलांच्या बाबतीत तुम्ही म्हणता ते खरं आहे. मी स्वतः त्यांनाही रागावतो, पण सगळे रागावत नाहीत. तरी माझा आग्रह कायम: सकाळचा रियाज चुकणार नाही असं तिने कबूल करावं, मग कुठेही जावं. चुकला तर गुरुजींना बोलायचा हक्क आहे.

स्नेहलतागंज

माझं मत अजून तेच आहे, जाऊ नये. पण जाणारच असेल तर रियाजाआधी फॉर्म बघा. फोटोंचे हक्क कुणाकडे राहणार? जिंकली तर वर्षभर बाहेर गाण्याचा कार्यक्रम करायला आयोजकांची परवानगी लागणार का? वादावादी झाली तर करार कोण मोडू शकतं? फॉर्म कोणी वकिलाने वाचलाय का, रामबागकर? नसेल तर सही करण्याआधी मला पाठवा, माझी जाऊ जिल्हा कोर्टात वकिली करते.