मदत हवी आहे: खाणीच्या धुळीवर चित्रमालिका करायची आहे, इंटर्नशिप किंवा फेलोशिप कुठे आणि अर्ज कसा करावा?

मातीरंग, डिचोली

पणजीच्या कला महाविद्यालयात बीएफएचं (कलेच्या पदवीचं) शेवटचं वर्ष, वय २२. डिचोलीच्या खाणपट्ट्यातल्या गावांत साचणाऱ्या धुळीतूनच रंग करून चित्रमालिका करायची आहे. सोबत विहिरी आणि शेतात उतरणारा गाळ यांबद्दल गावच्या बायका जे सांगतात ते मजकुरात येईल. मराठी आणि कोंकणी चांगली आहे, इंग्रजी लिहिताना अडखळायला होतं.

परीक्षेनंतर तीन महिने पर्यावरण न्यायाचं काम करणाऱ्या संस्थेत शिकायचं आहे आणि त्यानंतर मालिकेसाठी पैसे उभे करायचे आहेत. कुठे अर्ज करावा? त्यात नेमकं काय लिहावं? परदेशी संस्थेकडून पैसे घेतले तर काही अडचण येते का?

कागदवाट, म्हापसा

इंटर्नशिपचा आणि मालिकेचा अर्ज वेगळे ठेवा. संस्थेला तीन महिने तुमच्याकडून काम हवं असतं. तिथे स्वतःच्या मालिकेबद्दल चार पानं लिहिली की ही व्यक्ती आपलंच काम करायला येणार, असं वाचणाऱ्याला वाटतं.

खाणीचा विषय असेल तर पहिला ईमेल गोवा फाउंडेशनला करा. संस्था म्हापशाची, १९८६ पासूनची. सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०१४ चा खाणनिकाल आणि ७ फेब्रुवारी २०१८ ला ८८ लीजांचं (खाणींच्या भाडेपट्ट्यांचं) नूतनीकरण रद्द करणारा निकाल, दोन्ही त्यांच्याच याचिकांवरचे. अर्ज करण्याआधी २०१४ चा निकाल निदान वरवर तरी वाचून ठेवा. पुण्यात कल्पवृक्ष ही पर्यावरणावर काम करणारी संस्था आहे. बंगळूरची दक्षिण फाउंडेशन किनारा आणि मच्छीमार यांवर काम करते, दिल्लीची सीएसई (सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट) प्रदूषणावर. जाहिरातीची वाट बघू नका, थेट विचारा.

ईमेलच्या विषयाच्या ओळीतच तारखा, आठवडे आणि कौशल्य येऊ दे: '१ जून ते ३१ ऑगस्ट, १३ आठवडे, चित्र व नकाशे, मराठी-कोंकणी'. मजकूर एक पान. 'मला निसर्गाची आवड आहे' हे वाक्य गाळा, ते प्रत्येक अर्जात असतं. त्याऐवजी कामाचा एक नमुना जोडा.

नमुना असा करता येईल. पर्यावरण मंजुरी मिळालेल्या खाणीला अटी पाळल्याचा अहवाल वर्षातून दोनदा, १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. तुमच्या गावाजवळच्या एका खाणीचा ताजा अहवाल घ्या. ट्रकवर ताडपत्री, रस्त्यावर पाणी मारणं, गाळ अडवायचे बांध, हवेतली धूळ, अशा पाच-सहा अटी निवडा आणि गावातल्या माणसाला वाचता येईल असं एकपानी सचित्र मराठी पत्रक करा. पीएम१० ची (हवेतल्या, श्वासात जाणाऱ्या बारीक कणांची) २४ तासांची मर्यादा दर घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. अहवालातला आकडा तिच्याशेजारी मांडा आणि मोजणी कुठल्या ठिकाणी, कुठल्या महिन्यात झाली तेही लिहा. पावसातली मोजणी आणि मार्चमधली मोजणी यांत फार फरक पडतो. चित्रकाराला नकाशा आणि सरकारी कागद वाचता येतो हे या एका पानावरून कळतं, आणि असा माणूस प्रत्येक संस्थेला हवा असतो.

अहवाल मिळाला नाही तर माहिती अधिकारात मागा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. 'धूळ का वाढली?' असं विचारलंत तर अर्ज वाया जाईल, कारण कायद्याने कागद मिळतो, स्पष्टीकरण मिळत नाही. 'अमुक लीजचा अमुक सहामाहीचा अनुपालन अहवाल, प्रमाणित प्रत' एवढंच मागा. हा महिना वेळापत्रकात धरा.

स्टायपेंड, बसभाडं आणि राहायची सोय याबद्दल पहिल्याच फोनवर विचारा. त्यात संकोच कसला? पैसे न देणारी तीन महिन्यांची इंटर्नशिप घरची परिस्थिती बरी असलेल्यांनाच परवडते, आणि न्यायाचं काम करणाऱ्यांनी याचा विचार करायलाच हवा.

हप्ताहिशेब, फोंडा

मालिकेसाठी दोन सरकारी योजना बघा, दोन्ही सीसीआरटीमार्फत (केंद्र सरकारचं सांस्कृतिक संसाधन व प्रशिक्षण केंद्र) चालतात. तुमच्या वयाला बसते ती तरुण कलाकारांची शिष्यवृत्ती: वय १८ ते २५, दरमहा ५,००० रुपये, दोन वर्षं. गुरू किंवा संस्थेकडे किमान पाच वर्षं शिक्षण झाल्याचा दाखला लागतो आणि बहुतेक अर्ज तिथेच अडतात. बीएफएची चार वर्षं पुरत नाहीत, आधीच्या चित्रकला वर्गाचं किंवा शिक्षकांचं पत्र आत्ताच घेऊन ठेवा. दुसरी ज्युनियर फेलोशिप, वय २५ ते ४०, दरमहा १०,००० रुपये, तीही दोन वर्षं, ती पुढे. शिष्यवृत्तीचे पैसे सहामाही हप्त्यांनी येतात, म्हणून त्यांच्या भरवशावर खोली भाड्याने घेऊ नका.

बंगळूरच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सकडे भारतीय भाषेत प्रस्ताव पाठवता येतो, म्हणजे मराठीत लिहा. अडखळत्या इंग्रजीपेक्षा तुमच्या मराठीत मालिका जास्त स्पष्ट दिसेल. परदेशी पर्यायांत ॲम्स्टरडॅमच्या प्रिन्स क्लाऊस फंडाचे सीड अवॉर्ड सुरुवातीच्या वर्षांतल्या कलाकारांसाठी आहेत, ५,००० युरो. आणि दर डिसेंबरात पणजीत सेरेंडिपिटी महोत्सव भरतो, तिथे काम मांडणाऱ्यांशी बोलून घ्या.

आता अंदाजपत्रक. समजा ८०,००० रुपये मागताय. साहित्य १४,०००, प्रवास ८,०००, बोलणाऱ्या बायकांचं मानधन १२,०००, छपाई आणि फ्रेम १६,०००, गावात प्रदर्शन मांडायला ५,०००, अडीअडचणीला ५,०००. उरलेले २०,००० तुमचं मानधन. नवे कलाकार हा शेवटचा आकडा शून्य ठेवतात. त्याने पैसे वाचले असं कुणाला वाटत नाही, उलट ही व्यक्ती जगणार कशावर आणि काम पुरं करेल का, अशी शंका येते. बायकांचं मानधनही प्रवासखर्चात लपवू नका, स्वतंत्र ओळीत दाखवा. दिवसाची मजुरी बुडवून त्या तुमच्याशी बोलणार आहेत.

परदेशी पैशाबद्दल: एफसीआरए (परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या) कायद्यात देणगी एका बाजूला, कामाचा मोबदला आणि स्टायपेंड दुसऱ्या बाजूला. नोंदणी नसताना देणगी म्हणून आलेली रक्कम अडचणीत आणते. करारात रक्कम कशाबद्दल आहे ते स्पष्ट लिहून घ्या आणि सही करण्याआधी सीएला दाखवा. नोंदणीकृत वर्तमानपत्रासाठी व्यंगचित्रं काढत असाल तर आधीच सांगा, कारण वर्तमानपत्राच्या व्यंगचित्रकारांवर या कायद्यात वेगळी बंदी आहे.

खाजनवाट, दिवाडी

धुळीच्या रंगाबद्दल थोडं. लीजच्या हद्दीत शिरून माती आणू नका. घराचा ओटा, खिडकीची चौकट, झाडाचं पान, सार्वजनिक रस्त्याची कड यांवरची धूळ पुरते. प्रत्येक पुडीवर तारीख, जागा, रस्त्यापासूनचं अंतर आणि आदला पाऊस कधी झाला ते लिहा. या नोंदी नसतील तर चित्राखाली 'अमुक वाड्यावरची धूळ' असं लिहिता येणार नाही.

मास्क घाला, या धुळीत सिलिका असते. धूळ पाण्यात ढवळून अर्धा मिनिट थांबा. जड वाळू खाली बसते, वरचं लाल पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून रात्रभर ठेवा. तळाचा साका वाळवून काचेवर घोटा. बाभळीच्या जातीचा डिंक एक भाग, गरम पाणी दोन भाग, त्यात मधाचे काही थेंब. डिंक कमी पडला तर वाळल्यावर रंग बोटाला लागतो, जास्त झाला तर कागदावर तडकतो. आधी पट्टीवर करून बघा. पावसाळ्यात डिंकाला दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, लवंगेचं तेल एक थेंब घाला.

बायकांची संमती कोंकणीत समजावून घ्या. नाव छापायचं की नाही, आवाज वापरायचा की नाही, पुढे चित्र विकलं तर काय, हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारा. खाणीवर घरातल्या कुणाची नोकरी असेल तर एका वाक्यानेही ते घर ओळखू येऊ शकतं, म्हणून मजकूर छापण्याआधी त्यांना वाचून दाखवा. साधारण ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरात रविवारी भरते. शक्य असेल तर पहिलं प्रदर्शन त्याच दिवशी पंचायतीच्या सभागृहात लावा, पणजीची गॅलरी नंतर.

मातीरंग, डिचोली

खूप आभार. इंटर्नशिपमध्ये काढलेली चित्रं संस्थेची होतात का?

कागदवाट, म्हापसा

करारावर अवलंबून आहे, म्हणून सुरुवातीलाच लिहून घ्या. पगारी नोकरीत केलेल्या कामाचे हक्क सुरुवातीला सहसा नोकरी देणाऱ्याकडे असतात. तुम्ही 'वापरण्याची परवानगी' द्या, हक्क सोपवू नका: कुठल्या पत्रकासाठी, किती काळ, श्रेय कसं. हक्क सोपवायचेच झाले तर मुदत लिहा. लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश फक्त भारत. मूळ चित्र तुमच्याकडे राहील हे वेगळ्या ओळीत टाका. मोलेच्या जंगलातून जाणाऱ्या प्रकल्पांविरुद्धच्या 'आमचें मोलें' मोहिमेतली चित्रं २०२० मध्ये फलक, पत्रकं, मोबाइल, सगळीकडे फिरली. तुमचं काम असं फिरावं असं वाटत असेल तर मोहिमेसाठी मोफत वापर आणि व्यापारी वापर यांच्या अटी वेगळ्या लिहा.