प्रतिसाद: गिरणाकाठच्या मळ्यातली खापरं

दादा, तुमच्या मळ्यातल्या पडक्या घराचा पाया उकरताना राख आणि खापरं निघाली म्हणता, ती टाकू नका हो. घर शे-दीडशे वर्षांचं असेलही, पण ते उभं आहे पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या राखट मातीच्या टेकाडावर, आणि पांढर घरापेक्षा कितीतरी जुनी असू शकते. आपल्याकडे धाब्याच्या घरांच्या मातीच्या छपरावर टाकायला, शेतात खत म्हणून हीच माती गाड्या भरभरून नेली. निम्मा इतिहास असाच छपरावर चढला!

एक करा. खापर धुऊन टिचकी मारा. पातळ, तांबडं, वर काळ्या रेघांची नक्षी आणि आवाज खणखणीत आला, तर ते जोर्वे पद्धतीचं (संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून हे नाव), म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीचं असू शकतं. गिरणेवरच्या बहाळला अशीच भांडी मिळालीत, तापीकाठच्या प्रकाश्यालाही १९५५च्या उत्खननात मिळाली. जाडंभरडं, काळपट निघालं तर बहुधा पणजीचं कालवणाचं मडकं.

आणि कुठला तुकडा किती हात खोल मिळाला ते लिहून ठेवा. सगळं एका घमेल्यात गोळा केलंत तर जाणकारालाही काही सांगता येणार नाही. जेसीबी तेवढा थांबवा.