मदत हवी आहे : जुन्या टाटामोबाइलची चासी गंजली आहे

नमस्कार मंडळी. आमच्याकडे देवगडला बाबांची जुनी टाटामोबाइल पिकअप आहे. १९८८ साली टाटांनी हे मॉडेल आणलं, पुढे सिएरा आणि इस्टेट ह्याच गाडीच्या पायावर उभ्या राहिल्या. आमची त्यातलीच एक. आंब्याच्या पेट्या वाशीला, गणपतीत पाहुणे, कधी चिरे, सगळं हिनेच वाहिलं.

इंजिन अजून ठणठणीत आहे. दुखणं खाली आहे, चासीत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यात. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस, त्यात हौद्याखालचा आडवा चॅनल असा गंजलाय की स्क्रूड्रायव्हर टोचला की पापुद्रे निघतात. बाबा दर पावसाळ्याआधी जळकं ऑइल मारायचे, तरी आतून पाणी धरलंच. पासिंग तोंडावर आलंय.

इथला मेकॅनिक म्हणतो भंगारात द्या. बाबांचं उत्तर, "ती जातली ती माझ्यावांगडाच." म्हणजे, जाईल ती माझ्यासोबतच. (गाडीचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, बदलले तेव्हा दिवसभर गॅरेजात स्टूल टाकून बसले होते, जेवायलाही घरी आले नाहीत.)

तर, कोल्हापूरला उद्यमनगरात किंवा रत्नागिरीकडे चासीचं काम नीट करणारा कोणी माहीत आहे का? नुसता वरून पत्रा ठोकणारा नको, कुजलेला भाग कापून त्याच जाडीचा चॅनल वेल्ड करणारा हवा. गाडी करूळ घाटातून चालवत न्यावी की टेम्पोवर घालून? आणि उजव्या दाराची बिजागरी सिएराची बसते का? कोणी बसवली असेल तर फोटो टाका, प्लीज.