मदत हवी आहे : लंडनमध्ये किंग हेन्रीज रोड ते ब्लूम्सबरी पायी

मी लंडनमध्ये शिकत असून सुटीच्या दिवशी शहराचा एकेक भाग पायी पाहत असतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये जिथे राहत होते, त्या १० किंग हेन्रीज रोड येथील वास्तूपासून ब्लूम्सबरीतील ब्रिटिश म्युझियममार्गे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सपर्यंत चालत जाण्याचा विचार आहे. प्रिमरोज हिल ओलांडून रीजंट्स पार्कमधून जावे, की कालव्याकाठाने कॅम्डनमार्गे? पार्क सुंदर आहे खरे, पण वस्त्यांची ओळख कॅम्डनच्या बाजूने अधिक होईल असे वाटते. डिसेंबरात चारच्या आधीच सूर्य मावळतो आणि अंधार पडताच पार्कचे दरवाजे बंद होतात, त्यामुळे दुपारनंतर निघायचे झाल्यास कोणता रस्ता सोयीचा पडेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.