गोगलगायीच्या प्लाझ्मात फ्रेप दिसत नाहीत, जेलवर वर एकच जाड पट्टा येतो

शंखपुष्कर:
बायोम्फॅलॅरिया ग्लाब्राटा ही गोड्या पाण्यातली गोगलगाय, शंख १२ ते १५ मिमी, संसर्ग नसलेल्या. पायाला टिपचं टोक लावून हिमोलिम्फ (गोगलगायीचं रक्त) काढला, ५०० जी वर १० मिनिटं फिरवून पेशी खाली बसवल्या आणि वरचा द्रव (प्लाझ्मा) रिड्यूस्ड एसडीएस जेलवर, म्हणजे प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर, चालवला. अगदी वर जाड पट्टा, त्याखाली धूसर ओघळ. ६५ किलोडाल्टनच्या आसपास फ्रेप (फायब्रिनोजेनसारखा खंड असलेली संरक्षक प्रथिनं) दिसायला हवीत, तिथे जवळपास काहीच नाही. अमोनियम सल्फेटने साका पाडूनही चित्र तेच. याच नमुन्यात पुढे थायोएस्टर असलेली प्रथिनंही पाहायची आहेत. शिवाय एक मूलभूत शंका: फ्रेपना गोगलगायीच्या अँटिबॉडी म्हणणं कितपत बरोबर?

हिमोसाइट:
वरचा पट्टा हिमोग्लोबिनचा आहे. या गोगलगायीचं रक्त लाल असतं आणि तिचं हिमोग्लोबिन पेशींत नाही, थेट प्लाझ्मात विरघळलेलं असतं. एकेका साखळीत १३ हीम-खंड, वजन २०० किलोडाल्टनच्या वर. अशा साखळ्या जुळून दहा लाख डाल्टनच्याही वरचा रेणू होतो. प्लाझ्मातलं बहुतेक प्रथिन हेच. त्यामुळे एकूण प्रथिन मोजून १० मायक्रोग्रॅम भरलंत, तर फ्रेपच्या वाट्याला नगण्य भाग येतो.

रेणू एवढा मोठा असल्याचा फायदा घ्या. पेशी काढल्यावर प्लाझ्मा ४ अंशांवर दीड ते दोन लाख जी वर अडीच-तीन तास फिरवा. लाल गोळा तळाशी बसतो. वरचा फिकट भाग नळी न हलवता काढा आणि शेवटचा पाचवा हिस्सा सोडून द्या, तिथे हिमोग्लोबिन परत मिसळलेलं असतं. मोठे प्रथिन-संकुलही याच गोळ्यात जातात, म्हणून गोळा फेकू नका, तोही एका लेनमध्ये चालवा.

दुसरं म्हणजे, निरोगी गोगलगायीत फ्रेप मुळातच कमी असतात. १९९७ साली ही प्रथिनं पुढे आली ती एकायनोस्टोमा या पर्णकृमीने बाधित गोगलगायींच्या प्लाझ्मातून. बाधित आणि निरोगी असे दोन गट शेजारी ठेवल्याशिवाय त्या भागातल्या फिकट पट्ट्यावरून काही ठरवू नका. शिस्टोसोमा मानसोनी (माणसालाही बाधणारा पर्णकृमी) वापरणार असाल तर संसर्गानंतर चौथ्या आठवड्यापासून पाण्यात सर्केरिया (त्याच्या पोहणाऱ्या अळ्या) आहेत असं धरूनच चाला. त्या त्वचेतून आत शिरतात, हातमोज्यांशिवाय त्या पाण्याला हात नाही.

काढण्याच्या पद्धतीतही एक खोच आहे. शंख ७० टक्के अल्कोहोलने पुसून पूर्ण कोरडा करा, मग पायाला एकदाच ठाम दाब द्या. गोगलगाय झटक्यात आत जाते आणि हिमोलिम्फ बाहेर येतो. पुन्हापुन्हा टोचत राहिलं की श्लेष्मा मिसळतो. तुमचे ओघळ बहुधा त्याचेच. त्यातली शर्करायुक्त प्रथिनं लेक्टिनना (शर्करा धरणाऱ्या, फ्रेपसारख्या प्रथिनांना) अडकवून ठेवतात. चिकट तार दिसली तर तो नमुना बादच करा.

थायोएस्टर:
अमोनियम सल्फेट लगेच थांबवा. थायोएस्टर बंध अमोनियाने आणि साध्या अमाइनांनी फुटतो. प्रथिन जेलवर दिसेल, पण परजीवीच्या पृष्ठभागाला सहसंयुज बंधाने चिकटणार नाही. हेपीस बफर वापरा, पीएच ७.४, आणि नमुना एकदाच गोठवा.

जेलसाठी एसडीएसमध्ये ९५ अंशांना तापवल्यावर हीच प्रथिनं थायोएस्टरच्या जागी आपोआप तुटतात आणि कुणीतरी प्रोटिएजने कापल्यासारखे दोन तुकडे दिसतात. तपासणी सोपी: नमुन्याचा एक भाग आधी १०० मिलिमोलार मिथाइलअमाइनमध्ये, पीएच ८ वर, ३७ अंशांना तासभर ठेवा, मग दोन्ही भाग सारखेच तापवा. मिथाइलअमाइनच्या भागात तुकडे गायब झाले तर ते उष्णतेचे. तिथेही राहिले, तर तोड आधीच झाली होती.

ईडीटीएने (कॅल्शियम पकडून ठेवणाऱ्या रसायनाने) पेशी गुठळत नाहीत हे खरं, पण बऱ्याच लेक्टिनांना बांधणीसाठी कॅल्शियम लागतं. बांधणी तपासायची असेल तर ईडीटीए नको, किंवा नंतर कॅल्शियम असलेल्या बफरमध्ये डायलिसिस करा. आणि ॲफिनिटी कॉलम लावलात तर रिकाम्या सेफॅरोजचा (कॉलममध्ये भरतात त्या मण्यांचा) कॉलम सोबत हवाच. सेफॅरोज हीच गॅलॅक्टोजची साखळी असल्यामुळे गॅलॅक्टोज धरणारी प्रथिनं लिगँड नसतानाही तिला चिकटतात.

खंडभेद:
अँटिबॉडीबद्दल: रचनेत साम्य आहे, कारभारात नाही. फ्रेपच्या सुरुवातीला इम्युनोग्लोब्युलिन वर्गातले एक किंवा दोन खंड आणि शेवटी फायब्रिनोजेनसारखा खंड असतो. फ्रेप-३ मध्ये दोन. २००४ मध्ये दिसलं की एकाच गोगलगायीत फ्रेप-३ च्या जनुकांचे मूळ प्रतींपेक्षा जास्त प्रकार सापडतात, जनुक-परिवर्तन आणि बिंदू-उत्परिवर्तनांतून आलेले. इथवर मोह होणं साहजिक आहे. पण प्रतिजन ओळखणाऱ्या पेशीचीच निवड होऊन तिची फौज वाढते, असं गोगलगायीत दाखवलेलं नाही, आणि अँटिबॉडी म्हणताना आपण गृहीत धरतो ते नेमकं हेच. ‘विविधता असलेली लेक्टिनं’ म्हणा, पुरेसं आहे.

ही विविधता मास स्पेक्ट्रोमेट्रीत मात्र छळते. फायब्रिनोजेन खंडाचे पेप्टाइड बऱ्याच फ्रेपमध्ये सारखे निघतात. त्यावरून फ्रेप-२ की फ्रेप-४ सांगता येत नाही. ओळख इम्युनोग्लोब्युलिन खंडाच्या पेप्टाइडवरच ठरवा आणि शोध २०१७ च्या जनुकसंचासोबत त्याच वाणाच्या ट्रान्स्क्रिप्टोमवरही (सगळ्या आरएनएच्या नोंदीवरही) चालवा, नाहीतर संचात नसलेले प्रकार निसटतात.

शंखपुष्कर:
आभार. हिमोग्लोबिन टाळायला सरळ लिम्निया ही दुसरी गोगलगाय घेतली तर?

हिमोसाइट:
तिथे हिमोसायनिन आहे, निळं, आणि त्याची साखळी ४०० किलोडाल्टनच्या घरात. पट्टा तसाच, रंग वेगळा. वर एसडीएसच्या संपर्कात हिमोसायनिन फिनॉलऑक्सिडेजसारखं (डोपापासून काळा रंग बनवणाऱ्या एन्झाइमसारखं) वागू लागतं, म्हणजे डोपाची चाचणी केलीत तर काळा रंग येईल आणि खरं एन्झाइम सापडल्याचा भास होईल. अल्ट्रासेंट्रिफ्यूज दोन्हीकडे लागणारच, बायोम्फॅलॅरियावरच राहा.